काल काय बिघडलं?

शिक्रापूरच्या चौकात दोन कंटेनर आडवे लागले होते आणि मी दुचाकीवर अर्धा तास जागचा हललो नव्हतो, तेव्हा मीनलचा फोन आला. मीनल म्हणजे आमच्या ससाणे बाईंची लेक. हॉर्नच्या कल्लोळात मी वसकन ओरडलो, "अगं, मोठ्यानं बोल की!" तर ती मोठ्यानं म्हणाली, "काका, आई गेली... पहाटे." आजूबाजूचे दोघंतिघं वळून बघायला लागले. मी गाडी कडेला घेतली, पंक्चरच्या दुकानासमोर लावली आणि तिथल्याच एका टायरवर बसलो. अशा वेळी माणसाला आधी रडू येतं म्हणतात. खरं सांगतो, माझ्या मनात आधी आलं ते हे, की आता सांगायचं राहिलं. मी बाईंशी खोटं बोललो होतो. एकदा नाही, चार महिने बोलत होतो. आणि येत्या रविवारी भेटायला जाऊन ते सांगून टाकायचं, असं प्रत्येक आठवड्याला ठरवत होतो.

ससाणे बाई आमच्या विद्यापीठाच्या ग्रंथपाल. कागदोपत्री ‘मॅडम’, पण आम्हा सगळ्यांच्या तोंडात बाईच. उंचीनं लहान, सुती साडी, आणि पायात रबरी तळाच्या काळ्या चपला, कारण वाचनकक्षात चपलेचा आवाज झालेला त्यांना खपत नसे. दौंडहून रोज पहिल्या एसटीनं शिरूरला यायच्या आणि आमच्या आधी हजर असायच्या. मी रुजू झालो तेव्हा माझी ग्रंथालयशास्त्राची पदवी ताजी होती आणि डोक्यातली हवा त्याहून ताजी. पहिल्याच दिवशी पावणेदहाला बाईंनी सगळ्यांना पुस्तकं परत घ्यायच्या काउंटरपाशी बोलावलं. सगळे उभे. खुर्ची नाही, चहा नाही. बाईंच्या खालोखाल हुद्दा माझा, म्हणून मी घसा खाकरून पुढं सरसावलो. बाई म्हणाल्या, "थांबा हनुमंतराव. आधी मावशी बोलतील." हिराबाई मावशी म्हणजे आमच्याकडं झाडलोट करणाऱ्या, कारेगावच्या. त्यांनी झाडू भिंतीला टेकवला, पदर सारखा केला. "काल काय बिघडलं?" बाईंनी विचारलं. मावशी म्हणाल्या, "वरची ट्यूब फडफडतीया. आन् कोपऱ्यातल्या पंख्याखाली कुनी बसंना, त्यो कटकट वाजतोय." बाईंनी वहीत लिहून घेतलं. मग शिपाई बोलले, मग काउंटरवरचा प्रशांत, मग मी, आणि सगळ्यांत शेवटी बाई. प्रश्न प्रत्येकाला तोच. काल काय बिघडलं. हे रोज चालायचं, दहा मिनिटं, पाऊस असो की परीक्षा.

मी तापट माणूस. माझा पारा चढला. आठवडाभर सोसलं आणि मग केबिनमध्ये जाऊन म्हणालो, "बाई, ही काय पद्धत? मी मावशींच्या मागं उभा राहायचं? कुठल्याही ऑफिसात साहेब आधी बोलतो." बाईंनी पुस्तकावर शिक्का मारता मारता वर पाहिलं. "साहेब आधी बोलला, की बाकीच्यांना काय उरतं? व्हय म्हणायचं, एवढंच." बाई एरवी अगदी छापील बोलायच्या, हे ‘व्हय’ त्यांना राग आला की निसटायचं. मग म्हणाल्या, "माझे वडील दौंडला रेल्वेत गँगमन होते. रोज रूळ बघत मैलोन् मैल चालायचे. सगळ्यांत खालचा माणूस. पण त्यांनी लाल झेंडी दाखवली की आख्खी मेल थांबायची, मग आत कुणी का बसलेला असेना. कुणी म्हणायचं नाही, तू कोण रे? आपल्याकडं मावशी ‘थांबा’ म्हणाल्या, तर थांबेल का कुणी?" मला पटलं नव्हतं. बाहेर येऊन मी प्रशांतला म्हणालो, "बाईंनी मावशींना डोक्यावर बसवून ठेवलंय." प्रशांत बेरकी. म्हणाला, "सर, हे उद्या पावणेदहाला सांगा. बिघडलं म्हणून." झालं!

पटलं ते पुढच्या उन्हाळ्यात. संध्याकाळच्या वेळी वाचनकक्षात मुली थांबत नाहीत, मुलांनी मात्र जागा भरलेली, यावर ग्रंथालय समितीत वर्षभर काथ्याकूट चालला होता. कुणी म्हणालं एसटीची वेळ जुळत नाही, कुणी म्हणालं घरचे थांबू देत नाहीत, एका प्राध्यापकांनी तर प्रश्नावली तयार केली, आणि ती मीच टाईप केली. ती वाटायच्या दिवशी सकाळी मावशींनी ऐकलं, हे कागद कशाचे. "अवो, त्यात काय इचारायचं? पोरींच्या संडासाला आतनं कडी न्हाई. दुपारच्याला एकमेकीला दारात हुबं करत्यात. चारला निम्म्या पोरी गेल्या की कोन हुबं ऱ्हानार?" मी म्हणालो, "मावशी, हे आधी का नाही सांगितलं?" तर म्हणाल्या, "झाडताना मी कुठं आतनं कडी लावतीया? काल एक पोरगी म्हनली, वरीस झालं." बाईंनी त्या दिवशी सुताराची वाट पाहिली नाही. स्वतः शिरूरच्या बाजारात गेल्या, कडी आणली आणि मला स्क्रू पिळायला लावले. प्रश्नावलीचे गठ्ठे पाठकोरे म्हणून कामाला आले. त्या आठवड्यात सहा वाजता वाचनकक्षात मुली दिसल्या. बाईंनी मला शब्दानंही चिडवलं नाही, पण दुसऱ्या दिवशी सगळ्यांच्या शेवटी त्यांची पाळी आली तेव्हा म्हणाल्या, "काल माझं बिघडलं. वर्षभर मी रोज त्या दारावरून जाते, आणि मला दिसलं नाही."

आता त्या गेल्या म्हणून त्यांना देव्हाऱ्यात बसवायचं नाही. बाई हेकट होत्या. कुणाचं कौतुक म्हणून करायच्या नाहीत. चांगलं झालं तर ‘ते तुमचं कामच आहे’, वाईट झालं तर ‘बोला’. प्रशांतनं एकदा रात्रंदिवस खपून सगळी यादी संगणकावर चढवली, बिचारा शिक्रापूरच्या खोलीवर जाऊन चार घास नीट खात नव्हता. तर बाईंनी यादी उघडली आणि पहिल्याच पानावरची चूक दाखवली. तो महिनाभर घुश्शात होता. मी त्याच्या वतीनं भांडलो, "बाई, एखाद्या वेळी शाबास म्हटलं तर काय बिघडतं?" त्या गोंधळल्या. खरंच गोंधळल्या, कारण हे त्यांना कुणी कधी सांगितलंच नव्हतं. दुसऱ्या दिवशी पावणेदहाला सगळ्यांदेखत म्हणाल्या, "काल हनुमंतरावांनी सांगितलं, की मला शाबास म्हणता येत नाही. बरोबर आहे. प्रशांत, शाबास." इतक्या कडक आवाजात म्हणाल्या, की प्रशांत दचकलाच. मग सगळे हसलो, बाईसुद्धा.

त्यांचा जीव कशात असेल तर मागच्या खोलीतल्या दोन कपाटांत. शाळांमधून पूर्वी हस्तलिखित निघायचं, मुलांनी स्वतः लिहिलेलं, चित्रं काढलेलं, दोऱ्यानं शिवलेलं वार्षिक. शिरूर आणि दौंड तालुक्यातल्या शाळांचे माळे धुंडाळून बाईंनी ही हस्तलिखितं जमवली होती. रविवारी स्वतःच्या वेळात जायच्या, मुख्याध्यापकांच्या मागं लागायच्या. विद्यापीठातले काहीजण नाक मुरडायचे, पोरांची वहीपुस्तकं कशाला ठेवायची ग्रंथालयात? बाई म्हणायच्या, या भागाचं असं लिहिलेलं दुसरं आहे काय आपल्याकडं? एकदा त्यांनी मला हाक मारली आणि माझ्या भांडगावच्या शाळेचं एक हस्तलिखित समोर धरलं. ‘माझा आवडता प्राणी’. साऱ्या वर्गानं गाय लिहिली होती आणि एकट्यानं मेंढी. कु. हनुमंत, इयत्ता सहावी. आमच्या आज्यापर्यंत मेंढरंच राखली घराण्यानं, मी दुसरं काय लिहिणार? चित्रातली मेंढी उशीसारखी दिसत होती. मी लाजून लाल झालो. बाई म्हणाल्या, "पाय पाच काढलेत तुम्ही." मी म्हणालो, "पाचवी शेपूट आहे बाई." त्यांना इतकं हसताना मी त्याआधी पाहिलं नव्हतं.

गेल्या उन्हाळ्यात बाईंचं पोट दुखायला लागलं. तपासण्या झाल्या, आजाराचं नाव कळलं, पुण्यात उपचार सुरू झाले. रजेवर जाताना त्यांनी प्रभारी म्हणून माझ्या नावाची शिफारस केली. त्या पत्राची प्रत फायलीत आहे. त्यात माझ्याबद्दल एकच ओळ आहे: चूक झाल्यास स्वतःहून सांगतात. मी ती ओळ इतक्या वेळा वाचली की मला पाठ आहे. आणि त्या खुर्चीत बसल्यावर मी पहिलं काम काय केलं असेल? पावणेदहाची सभा केबिनमध्ये नेली. खुर्च्या, चहा, बिस्किटं. मला वाटलं, लोकांना बरं वाटेल. खुर्च्या पाचच बसत होत्या, म्हणून मावशींना बोलावलं नाही... छे, खुर्च्यांचं कशाला सांगू, सहावी आणता आली असती. मला त्या आधी बोललेल्या नको होत्या. मी बोलायचो, दिवसाची कामं वाटायचो, सगळे ‘हो सर’ म्हणायचे आणि पाच मिनिटांत मोकळे. कुणाची तक्रार म्हणून नाही. मी घरी बायकोला सांगायचो, बाईंच्या काळात रोज काही ना काही बिघडायचं, आता बघ कसं सुरळीत चाललंय. आषाढात एकदा मावशी झाडू घेऊन केबिनच्या दारात येऊन उभ्या राहिल्या. "सायेब, जरा मागल्या खोलीत..." मी म्हणालो, "मावशी, मीटिंग चालू आहे. नंतर." त्या गेल्या. नंतर मी विचारलं नाही.

नवरात्राच्या सुमारास एक संशोधक मुलगी आली. तिला कारेगावच्या शाळेचं हस्तलिखित हवं होतं. कारखाने यायच्या आधीचं गाव मुलांनी कसं लिहिलंय, ते बघायचं होतं. मी मोठ्या तोऱ्यात तिला मागच्या खोलीत नेलं. कपाट उघडलं आणि माझ्या तोंडचं पाणी पळालं. भिंतीतून मातीच्या रेघा कपाटाच्या पाठीत शिरल्या होत्या. वरून वह्या दिसत होत्या, हात लावला की भुगा. वाळवी. दोन्ही कपाटं. त्या मुलीसमोर मी वेड्यासारखा एकेक वही उचलून बघत बसलो, पाठीच्या पुठ्ठ्याशिवाय हातात काही येत नव्हतं. माझी मेंढीही गेली. मी बाहेर येऊन मावशींवर ओरडलो, "रोज झाडता ना तिथं? दिसलं नाही?" मावशी शांतपणे म्हणाल्या, "दिसलं की. भिताडावर माती चढली हुती, तवाच दिसलं. सांगाया आले हुते." "मग पुन्हा का नाही आलात?" "पुन्ना कुठं याचं? बाई हुत्या तवा सकाळच्याला इचारायच्या. तुमी कवा इचारलं?" औषधवाल्याला बोलावलं, फवारणी केली, मूठभर वह्या बचावल्या त्या उन्हात घातल्या. आणि सगळ्यांना बजावलं, बाईंना यातलं अक्षरही कळता कामा नये. त्यांना ताण नको. डॉक्टरांनीही तसंच सांगितलंय, अशी मी वर पुस्ती जोडली. सगळे हो म्हणाले. मावशी मात्र झाडू उचलून निघाल्या.

बाई पुण्याहून आठ-पंधरा दिवसांनी फोन करायच्या. आवाज बारीक झाला होता, पण प्रश्न तोच. "काल काय बिघडलं, हनुमंतराव?" आणि मी, चूक झाल्यास स्वतःहून सांगणारा माणूस, म्हणायचो, "काही नाही बाई. सगळं व्यवस्थित." त्या म्हणायच्या, "काहीच नाही?" मी म्हणायचो, "काहीच नाही." बाईंना ताण नको म्हणून मी सांगितलं नाही, हे मी स्वतःला इतकं पटवलं होतं, की कधी कधी मलाच माझी दया यायची. खरं कारण एवढंच होतं, की मी भ्यालो होतो. नोकरीला नाही. त्या एका ओळीला.

उपचार थांबवून त्यांना दौंडला घरी आणलं, तेव्हा मी एका रविवारी गेलो. एसटीत सगळं घोकून ठेवलं होतं, कुठून सुरुवात करायची, काय म्हणायचं. बाई खिडकीजवळच्या पलंगावर होत्या. फार लहान दिसत होत्या. मीनलनं चहा आणला. बाईंनी विचारलं, "आणि? कसं चाललंय?" मी सांगत सुटलो. प्रशांतचं लग्न ठरलं. नवीन खुर्च्या आल्या. वाचनकक्षाला रंग लागला. बाई ऐकत होत्या. मी थांबलो की म्हणायच्या, "आणि?" मी आणखी काहीतरी काढायचो, गावाकडचं, रस्त्याचं, पावसाचं. तिसऱ्यांदा त्यांनी विचारलं, अगदी हळू, "आणि?" मी म्हणालो, "आणि काय बाई... तुम्ही लवकर बऱ्या व्हा." त्यांनी थोडा वेळ माझ्याकडं पाहिलं. मग मीनलला म्हणाल्या, "काकांना अजून चहा दे." मी तोही प्यायलो. निघताना त्यांनी माझ्या हातावर हात ठेवला, थोपटल्यासारखं केलं, आणि मी जिना उतरून जवळजवळ पळालो.

फोन आला त्या दिवशी दौंडला पोचलो, तेव्हा बुद्धवंदना सुरू झाली होती. सगळे पांढऱ्या कपड्यांत. मी मागं उभा राहून हात जोडले. तीन आठवड्यांनी विद्यापीठानं शोकसभा ठेवली, आमच्याच वाचनकक्षात. रीतसर पत्रिका होती: आधी मोठे अधिकारी, मग प्राध्यापक, मग माजी विद्यार्थी. सगळे चांगलं बोलले. कुशल प्रशासक, शिस्तप्रिय, ग्रंथालयाचा आधार. कर्मचाऱ्यांपैकी कुणाचं नाव पत्रिकेत नव्हतं, आणि ती पत्रिका मीच केली होती. मला शेवटी उठून एवढंच म्हणायचं होतं, की आता आपण दोन मिनिटं स्तब्ध उभं राहू या. मी उठलो. मागच्या रांगेत मीनल बसली होती, तिच्याकडं नजर गेली. आणि मी बोलायला लागलो. वाळवीचं सांगितलं. दारात आलेल्या मावशींना मी कसं परत पाठवलं, ते सांगितलं. बाईंनी फोनवर विचारलं तेव्हा दर वेळी खोटं बोललो, हेही. एक अधिकारी घड्याळ बघत होते. मला नीट बोलताही येत नव्हतं, मधेच रडायला आलं, ते मी लपवलं नाही. शेवटी म्हणालो, "बाईंनी उभं केलेलं हे माझ्या हातून गेलं. मीनल, तुझ्या आईला सांगायला हवं होतं, नाही सांगितलं. आता दोन मिनिटं उभं राहू या." दुसऱ्याच दिवशी माझ्याकडं लेखी खुलासा मागितला गेला. तो मी दिलाय. प्रभारीपद राहील की जाईल, माहीत नाही, आणि खरं सांगायचं तर मला त्याची फारशी फिकीरही उरलेली नाही.

शोकसभेच्या दिवशी सगळे गेल्यावर मी आणि मावशी खुर्च्या उचलत होतो. मग मावशी म्हणाल्या, "सायेब, मी सांगितलं हुतं बाईंना." मला वाटलं, आजारी पडण्याआधीचं काहीतरी म्हणताहेत. "काय सांगितलं होतं?" "वाळवीचं. लेकाच्या फोनवरनं लावला हुता. तुमी नगं म्हनला हुता, पर मला ऱ्हावलं न्हाई. बाईंनी इचारलं, मी सांगितलं." मी हातातली खुर्ची खाली ठेवली. "केव्हा?" "तुमी दौंडला जायाच्या आदल्या दिशी." "मग? काय म्हणाल्या बाई?" मावशींनी डोळ्यांना पदर लावला. "लई रडल्या. मग म्हनल्या, मला कळलंय आसं त्याला बोलू नगंस हिरा. उद्या येनार हाय ना त्यो. त्यो सांगंल."

म्हणजे त्या रविवारी, खिडकीजवळच्या पलंगावर पडून, बाई माझी वाट बघत होत्या. आणि मी त्यांच्या समोर बसून चहा पीत होतो.